शब्द ओळखीचे, वाक्य अनोळखी: जीआरईच्या व्हर्बल विभागाची माझी तयारी

पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई द्यायची ठरवली तेव्हा गणिताची मला चिंता नव्हती. भीती होती ती व्हर्बल विभागाची, म्हणजे इंग्रजी शब्द आणि उतारे यांवरच्या प्रश्नांची. माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले होते. पुढचे शिक्षण इंग्रजीतून झाले तरी ते तांत्रिक विषयांचे होते, आणि तांत्रिक पुस्तकांतले इंग्रजी ठरावीक वळणाचे असते. ही परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव परीक्षा विनामूल्य उपलब्ध करून देते. त्यांतली पहिली मी काहीही तयारी न करता दिली आणि १३० ते १७० या मोजपट्टीवर मला १४६ गुण मिळाले. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला, की माझा शब्दसंग्रह तोकडा आहे आणि तो वाढवला की उतारे आपोआप समजू लागतील. यातले पहिले विधान बरोबर होते. दुसऱ्याच्या मागे माझे जवळजवळ दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत मी सुमारे हजार शब्दांची यादी पाठ केली. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला एक मराठी प्रतिशब्द, आणि रोज तीस नवे शब्द असा क्रम होता. यादी मला चांगली येऊ लागली होती. मात्र सरावाचे प्रश्न सोडवायला घेतले, की पर्यायांतले सगळे शब्द ओळखीचे असूनही उत्तर चुकत असे. कारण शोधायला मी मागच्या चुका पुन्हा काढून पाहिल्या, तेव्हा दोष त्या उजव्या बाजूच्या एकेका प्रतिशब्दात असल्याचे दिसले. ‘फ्रूगल’ आणि ‘पार्सिमोनियस’ या दोन्ही शब्दांपुढे मी ‘काटकसरी’ असे लिहिले होते. त्यांतला पहिला शब्द बहुधा कौतुकाने वापरला जातो, तर दुसऱ्यात माणसाविषयी बोलताना कंजूषपणाचा ठपका असतो. आणि तोच दुसरा शब्द एखाद्या वैज्ञानिक सिद्धान्ताला लावला, की कमीत कमी गृहीतकांत उलगडा करणारा अशी ती प्रशंसा ठरते. एका मराठी शब्दात हे मावणारे नव्हते.

अनेकार्थी शब्दांनी मला याहून अधिक चकवले. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि ‘सँक्शन’ म्हणजेच निर्बंधही. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे हे सर्वांना माहीत असते, पण उताऱ्यात लेखक एखादे विधान ‘क्वालिफाय’ करतो तेव्हा तो त्याला मर्यादा घालत असतो. ‘टेम्पर’ हे क्रियापद म्हणून आले, की रागाचा संबंध उरत नाही, सौम्य करणे हा अर्थ येतो. खरे तर मराठी माणसाला हे नवे वाटायला नको. परीक्षेत वाचायचा तो उतारा आणि विषावर द्यायचा तोही उताराच, आणि आपण कधी गोंधळत नाही, कारण शेजारचे शब्द अर्थ ठरवून देतात. इंग्रजी शब्दांना मी शेजारच उरू दिला नव्हता. शिवाय काही शब्द रूपाने फसवे असतात: ‘एनर्व्हेट’ ऐकताना शक्ती देणे असे वाटते, पण त्याचा अर्थ शक्ती हरण करणे असा आहे, ‘नॉइसम’चा आवाजाशी संबंध नाही, दुर्गंधीशी आहे, ‘रेस्टिव्ह’ म्हणजे विश्रांत नव्हे, अस्वस्थ.

यादी घोकण्याची पद्धत मुळात जुन्या परीक्षेच्या काळातली आहे, हे मला उशिरा कळले. ऑगस्ट २०११ पूर्वी जीआरईमध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध ओळखण्याचे प्रश्न असत, म्हणजे सुट्या शब्दांची परीक्षा होत असे. ते प्रश्न काढून टाकल्यानंतर प्रत्येक शब्द वाक्यात किंवा परिच्छेदातच समोर येतो.

मग मी वही बाजूला ठेवून कार्डे केली. कार्डाच्या एका बाजूला सुटा शब्द न लिहिता तो शब्द असलेले, मला स्वतःला वाचनात भेटलेले पूर्ण वाक्य लिहायचे, आणि मागे अर्थ, त्याची छटा व तो कोणाविषयी वापरतात हे लिहायचे. उजळणीसाठी डबे वापरले: उत्तर आले की कार्ड पुढच्या डब्यात, चुकले की पहिल्या डब्यात, पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा तीन आठवड्यांनी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मांडला होता. शिकलेल्यापैकी बराच भाग सुरुवातीलाच गळतो आणि नंतर गळती मंदावते, हे त्यांचे निरीक्षण माझ्या पहिल्या डब्याने मला रोज दाखवले. नव्या शब्दांची संख्या मी तिसावरून दहावर आणली. या निर्णयाचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला असे मी आजही मानतो.

शब्दांची घडण पाहताना एक अनपेक्षित मदत मिळाली, ती मराठीतल्या तत्सम शब्दांची. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द उकलला, की नकारदर्शक ‘अ’ आणि जाणण्याचा धातू हाती येतो, आणि आपला ‘अज्ञेयवादी’ हा शब्द नेमका तसाच बांधलेला आहे; ग्रीक व संस्कृत ही भाषाकुळाने नात्यातली असल्यामुळे ‘ग्नो’ आणि ‘ज्ञा’ यांचे मूळ एकच आहे. ‘मॅग्नॅनिमस’मध्ये लॅटिनमधले ‘मोठे’ आणि ‘मन’ आहे, म्हणून तो मोठ्या मनाचा. ‘इक्वॅनिमिटी’मध्ये ‘सम’ आणि ‘मन’ आहे, म्हणून ती समचित्तता. ‘प्यूसिलॅनिमस’ म्हणजे अगदी लहान मनाचा, भित्रा. हे तीन शब्द मला परत कधी पाठ करावे लागले नाहीत. अर्थात शब्दाच्या रूपावरून बांधलेल्या अंदाजावर पूर्ण विसंबू नये. ‘एनर्व्हेट’ने मला ते आधीच शिकवले होते.

रिकाम्या जागांच्या प्रश्नांत सुधारणा झाली ती एका सवयीने: पर्याय झाकून ठेवायचे आणि आधी आपला शब्द भरायचा. तो मराठीत सुचला तरी चालतो. समजा वाक्याचा आशय असा आहे, की एका संशोधकाचे लेखन इतके अमुक होते, की त्या विषयातल्या तज्ज्ञांनाही त्याचा अर्थ लावताना कष्ट पडत. माझ्या मनात ‘दुर्बोध’ हा शब्द येतो, मग पर्याय उघडून ‘अब्स्ट्रूस’ शोधायचा. दोन-तीन जागा असलेल्या प्रश्नांत सगळ्या जागा बरोबर आल्या तरच गुण मिळतो, त्यामुळे जिथे वाक्याने सर्वांत ठळक खूण दिली आहे ती जागा मी आधी भरू लागलो. ती पहिलीच असेल असे नसते. सहा पर्यायांतून समान अर्थाची वाक्ये देणारे दोन शब्द निवडण्याच्या प्रश्नात समानार्थी जोडी दिसली, की तीच उचलण्याचा मोह होतो. पण वाक्यात न बसणारी जोडीही तिथे मुद्दाम ठेवलेली असते.

उताऱ्यांनी मात्र जास्त वेळ घेतला, आणि व्हर्बलचे जवळपास अर्धे प्रश्न त्यांच्यावरच असतात. एकही शब्द न अडता वाचलेला परिच्छेद संपल्यावर, लेखकाने काय म्हटले हे मला सांगता येत नसे. यामागे भाषेच्या रचनेचा भाग आहे असे माझे मत आहे. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, म्हणून शेवटपर्यंत थांबून अर्थ जुळवण्याची आपल्याला सवय असते. इंग्रजीत मुख्य क्रियापद बहुधा लवकर येऊन जाते आणि त्यामागे उपवाक्यांची रांग लागते, तिच्या टोकाशी पोहोचेपर्यंत मूळ विधान माझ्या हातून सुटलेले असे. म्हणून मी काही आठवडे एवढेच केले: प्रत्येक लांब वाक्यात कर्ता आणि मुख्य क्रियापद अधोरेखित करायचे आणि बाकीचे वाक्य त्याला टांगायचे. या काळात वेग कमी झाला, तो मी होऊ दिला.

त्याच सुमारास छोट्या शब्दांचे महत्त्व लक्षात आले. ‘ऑल बट’ म्हणजे जवळजवळ, ‘एनिथिंग बट’ म्हणजे मुळीच नाही, आणि ‘नथिंग बट’ म्हणजे केवळ तेच. तिन्हीत कठीण शब्द एकही नाही, पण एकाच्या जागी दुसरा वाचला, तर लेखकाचे मत उलटे होते. ‘ऑल्दो’, ‘यट’, ‘नॉटविथस्टँडिंग’ हे शब्द दिसले, की पेन्सिल थांबवायची आणि आता विधान कोणीकडे वळले ते समासात दोन मराठी शब्दांत लिहायचे: ‘जुने मत’, ‘त्यावर आक्षेप’, ‘लेखकाची कबुली’, ‘खरा दावा’. चार-पाच वाक्यांच्या परिच्छेदाचा असा नकाशा झाला, की प्रश्न वाचताना परत कुठे पाहायचे ते कळते.

यानंतरही चुका होत, म्हणून चुकांची एक वेगळी वही केली. बरोबर उत्तर कोणते हे तीत लिहायचे नाही, चुकीच्या पर्यायाने मला का ओढले ते लिहायचे. महिन्याभरात तीच तीन कारणे पुन्हा पुन्हा दिसली. पर्यायात उताऱ्यातलेच शब्द होते, पण संबंध वेगळा जोडला होता. पर्याय वास्तवात खरा होता, पण उताऱ्यात कुठेही म्हटलेला नव्हता. किंवा उताऱ्यात ‘काही’ होते तिथे पर्यायात ‘सर्व’ होते. दुसरे कारण विज्ञानाच्या उताऱ्यांत अधिक दिसे, कारण तिथे मी आधीचे ज्ञान वापरत होतो. तेव्हापासून प्रत्येक पर्यायासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवता आले पाहिजे, असा नियम केला.

वेळ लावून सराव मी शेवटच्या महिन्यातच केला. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा लहान झाली आहे; व्हर्बलचे दोन भाग असतात, पहिल्यात १८ मिनिटांत १२ प्रश्न आणि दुसऱ्यात २३ मिनिटांत १५ प्रश्न, आणि पहिल्या भागातल्या कामगिरीवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे अडलेल्या प्रश्नावर खूण करून, तात्पुरते उत्तर नोंदवून पुढे जायचे आणि त्याच भागाची वेळ शिल्लक असताना परत यायचे, एवढी शिस्त ठेवली.

प्रत्यक्ष परीक्षेत मला अजिबात माहीत नसलेले काही शब्द आलेच. त्यांच्या वाक्यांतले वळण ओळखता आले, म्हणून पर्याय गाळता आले. व्हर्बलमध्ये १६० गुण मिळाले. तीन विधानांपैकी बरोबर असतील तितकी सगळी निवडण्याचे प्रश्न मला अखेरपर्यंत पक्के जमले नाहीत. तिथे एकेक विधान स्वतंत्र प्रश्न समजून तपासावे लागते आणि मी दुसऱ्या विधानापाशी घाई करतो, असे माझ्या वहीतल्या शेवटच्या पानांवर दिसते.