बाबांच्या पुस्तकांची ई-रीडरवर बदली

गोव्यात पुस्तकं सांभाळणं हे लोणच्याची बरणी सांभाळण्यासारखंच. जरा ओल लागली की बुरशी चढलीच. डिचोलीतल्या आमच्या घरी कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या सगळं करून झालं, तरी श्रावणापर्यंत खालच्या कप्प्यातली पुस्तकं फुगतातच. त्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि जुना बारीक टाइप त्यांना वाचवेना. म्हणून ई-रीडर घेतला.

मोबाईलवर वाचून माझे डोळे चुरचुरतात, तेव्हा मला शंकाच होती. पण ई-रीडरचा पडदा ई-इंकचा, त्याचं काम वेगळं आहे. पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांतले काळे-पांढरे कण विद्युतभाराने वरखाली होतात आणि अक्षर उमटतं. वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, त्यामुळे एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे बघायला नको. पावसात आमच्याकडे वीज जाते तेव्हा याचं मोल कळतं. शिवाय भर दुपारच्या उजेडात सोप्यावर बसूनही स्वच्छ दिसतं.

विकतची मराठी ई-पुस्तकं घेणं सोपं निघालं. बाबांना मात्र हवी होती त्यांची जुनीच. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे अशी कितीतरी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेली सापडतात. खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली. स्कॅनची पीडीएफ म्हणजे नुसते पानांचे फोटो. सहा इंची पडद्यावर अख्खं पान घेतलं तर अक्षरं मुंगीएवढी, मोठं केलं तर अर्धी ओळ बाहेर.

मग पीडीएफचे तुकडे करून गूगल ड्राइव्हवर चढवले आणि गूगल डॉक्समध्ये उघडले. तिथे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर निघतो, पण शुद्ध निघेलच असं नाही. ‘घर’चं ‘धर’, ‘भाऊ’चा ‘माऊ’. पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव परिच्छेदाच्या मधोमध, तेही दर पानाला. कंटाळवाणं काम, पण टाळता येत नाही. मूळ पान शेजारी ठेवून संध्याकाळी हेच करत बसायचे. शेवटी कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचं ईपब, म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येणारं ई-पुस्तक, करून रीडरवर टाकलं आणि अक्षर हवं तेवढं मोठं झालं.

बाबांनी सुरुवात केली नि थोड्याच वेळात हाक आली, “हो माऊ मदींच खंयसून आयलो गो?” (हा माऊ मध्येच कुठून आला गं?) एक निसटला होताच!

आता बाबांच्या कादंबऱ्या आणि चरित्रं रीडरवरच असतात. कोश चाळायचा तर मात्र कागदच बरा. त्यासाठी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाते. 1832 पासूनची संस्था ती, तिथल्या टेबलावर जाडजूड खंड पसरून बसता येतं. दिवाळी अंकही कागदीच घेतो. दोन स्तंभांची पानं नि व्यंगचित्रं त्या एवढ्याशा पडद्यावर बघवत नाहीत, आणि एका अंकावरून आमच्या घरात तिघांची ओढाताण चालते ती वेगळीच.