मोडणाऱ्या संसाराची साक्षीदार

गेल्या उन्हाळ्यापासून मी एक कादंबरी लिहीत आहे. ती रहस्यकथा आहे, पण तिच्यात खून नाही, पंचनामा नाही आणि कोणाचे प्रेत विहिरीत सापडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या एका गावात दोन मित्रांची कुटुंबे शेजारी राहतात, त्यांची वावरे एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आहेत, आणि त्यांतल्या एका जोडप्याचा संसार फार कडवटपणे मोडतो. ही सगळी हकिकत दुसऱ्या घरातली बाई सांगते. वाचकाच्या मनात धाकधूक राहावी ती तिच्या सांगण्याविषयी: जे पाहिले म्हणून ती छातीठोकपणे सांगते, ते तिने खरोखरच पाहिले होते, की नंतर एकीची बाजू घेता घेता मनात जुळवले?

अशी कथा शहरातल्या फ्लॅटमध्येही घडू शकते, परंतु मित्राचे घर फुटले की शहरातला माणूस हळूहळू येणेजाणे कमी करतो आणि त्यातून सुटतो. खेड्यात ती सोय नाही. ज्याच्या बायकोने माहेर गाठले तो पेरणीच्या दिवशी धुऱ्यावर समोर उभा असतो, त्याला आपण भाऊजी म्हणत आलेलो असतो आणि बैलजोडी अडली तर त्याच्याकडेच मागावी लागते. तिकडे तिची आई आठवडी बाजारात भेटते आणि भाजीच्या पिशव्या खाली ठेवून विचारते, “तुमाले तं सारं माईत होतं ना?” या प्रश्नाला गप्प राहणे हेही उत्तरच ठरते. म्हणून मला वाटते की मानसिक ताणाची कथा लिहायला विदर्भातल्या खेड्याइतकी समृद्ध जागा नाही, आणि आपल्या लेखकांनी ती जागा फार कमी वापरली आहे.

कादंबरीचा कणा एका वाक्यात आहे. ते वाक्य कुठे उच्चारले जाते हे ठरायलाच मला बरेच दिवस लागले. दिवाळीनंतर वेचणी भरात येते तेव्हा बाया आपापला तास, म्हणजे पिकाची ओळ, धरून पुढे सरकतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, कमरेच्या वर आलेली असते, वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरबाडत असतात, दोन्ही हात एका लयीत चालू असतात आणि कमरेला बांधलेली ओटी भरत जाऊन जड होते. या कामात नजर बोंडावरून हलत नाही. बाया तासन् तास बोलतात, घरात जे ओठावर येत नाही ते वावरात बोलतात, पण एकमेकींकडे पाहत मात्र नाहीत. माझ्या निवेदिकेची मैत्रीण अशीच शेजारच्या तासातून म्हणते, “मले आता काईच नाई वाटत, वयनी.” निवेदिकेने शब्द ऐकले; चेहरा पाहिला नाही. पुढे संसार मोडल्यावर ती हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवते. सुरुवातीला तिला त्यात थकवा ऐकू येतो. बैठकीत सोयरे दोष देऊ लागतात तेव्हा तेच वाक्य सहनशीलतेचा पुरावा होते, आणि कादंबरीच्या उत्तरार्धात, दागिना नाहीसा झाल्यानंतर, तिला त्यात थंडपणे केलेला एक निश्चय ऐकू येऊ लागतो. शब्द बदलत नाहीत. ऐकणारी बाई बदलत जाते. वाचकाने तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न येथे उभा राहावा असे मला वाटते.

दागिना म्हणजे गळ्यातली सोन्याची एकदाणी. मैत्रिणीने ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, पितळी डबीत घालून निवेदिकेकडे दिलेली असते, आणि निवेदिकेने ती तुरीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खाली पुरलेली असते. “त्याइले सांगू नोको,” एवढीच अट. स्त्रीधनावर पत्नीचाच पूर्ण हक्क असतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने मैत्रिणीने गैर काहीच केलेले नाही. परंतु नवरा बैठकीत म्हणतो की एकदाणी तिने केव्हाच मोडून माहेरी पैसे दिले, ती म्हणते की ती त्याच्याच ताब्यात आहे, आणि दोन्ही घरचा चहा प्यालेली निवेदिका कोठीत काय आहे हे ठाऊक असताना खाली मान घालून बसते. मैत्रीण खोटे का बोलली? हा प्रश्न तिला पुढे रात्ररात्र झोपू देत नाही, कारण मैत्रिणीची एक गोष्ट खोटी निघाली की वेचणीच्या तासात सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींचे काय, हा विचार मागोमाग येतोच.

कथेचे घड्याळ मला कायद्यानेच दिले. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब त्यात १९७६ साली आले. किमान एक वर्ष वेगळे राहिल्यावर अर्ज करता येतो, त्यानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयापुढे जावे लागते, आणि हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. सहा महिन्यांची मुदत माफ करण्याची मुभा न्यायालयाला आहे, हे २०१७ च्या निकालाने स्पष्ट झाले. माझ्या जोडप्याला ती मिळत नाही. पहिला अर्ज मृगाच्या तोंडावर होतो, म्हणून दुसरी तारीख नेमकी वेचणीत येते. शिवाय वेगळे राहणे म्हणजे वेगळ्या छपराखालीच राहणे असे कायदा म्हणत नाही, पतिपत्नी म्हणून एकत्र न नांदणे पुरेसे असते. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने हे दोघे एकाच घरात दोन चुली मांडून राहतात आणि शेजारीण भिंतीपलीकडून कोणत्या वेळी कोणत्या चुलीवर भांडे वाजले याचा हिशेब ठेवते. भावाभावांच्या वाटणीत दोन चुली गावाने पाहिलेल्या असतात. नवराबायकोच्या दोन चुली पाहायची गावाला सवय नाही.

डिसेंबरात संमती मागे घेतली जाते आणि प्रकरण क्रौर्याच्या आरोपावर जाते. कोणी मागे घेतली, ते येथे सांगत नाही.

या टप्प्यावर निवेदिकेचे स्वतःचे घर धोक्यात येते. तिचा नवरा आपल्या मित्राच्या बाजूने आहे, ती मैत्रिणीच्या. दोघेही जेवायला बसतात तेव्हा त्या घराविषयी बोलायचे नाही असे ठरवतात आणि प्रत्येक वाक्य त्याच घराविषयीचे निघते. हे प्रकरण लिहिताना मला सर्वाधिक काळजी वाटली, कारण दुसऱ्याच्या मोडणाऱ्या संसाराची बाजू घेणे म्हणजे आपल्या संसाराविषयी काहीतरी कबूल करणे असते, आणि ते पतिपत्नी एकमेकांना सरळ सांगत नाहीत. अशा कथांत बायको अखेरीस वेडी किंवा कपटी निघावी, ही युक्ती मला मान्य नाही. ती वाचकाला क्षणभर दचकवते आणि आधीच्या सगळ्या दुःखाचे मोल काढून घेते. तसेच विदर्भ म्हटला की शेतकऱ्याची आत्महत्या आणलीच पाहिजे, हेही मला अमान्य आहे. ते दुःख इतके मोठे आहे की त्याचा कथानकाला कलाटणी देण्यासाठी वापर करू नये. लग्न मोडणे ही घटना एका कादंबरीला पुरेशी आहे.

राहिला पुरावा. पती किंवा पत्नीने चोरून केलेले फोनवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. माझ्या कथेतल्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असे एक रेकॉर्डिंग आहे, आणि त्यात तेच वाक्य आहे: “मले आता काईच नाई वाटत.” मात्र हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ सांगते की असे खटले बंद दाराआड चालवावेत आणि त्यांतला मजकूर छापू नये. साक्षीदार आपल्या साक्षीपुरताच आत जातो. म्हणजे त्या वाक्याचा खरा सूर ज्यात अडकला आहे ते रेकॉर्डिंग तालुक्याच्या न्यायालयात वाजते तेव्हा निवेदिका बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलेली असते. संध्याकाळपर्यंत गावातल्या पानठेल्यावर त्या रेकॉर्डिंगच्या निरनिराळ्या हकिकती फिरू लागतात, आणि कोणाचीही दुसऱ्याशी जुळत नाही.

एकदाणीचे काय झाले ते वाचकाला शेवटी नक्की कळेल. रहस्यकथा हाती घेणाऱ्याचा तेवढा हक्क मी मानते. त्या वाक्याचा अर्थ मात्र मी ठरवून देणार नाही. निवेदिकेला साक्षीच्या पिंजऱ्यात वकील विचारतो, “हे बोलताना ती रागात होती का?” आणि ती शपथेवर उत्तर देते. ते उत्तर मी लिहून ठेवले आहे. ते कळल्यावर तिचा नवरा घरी परतताना एसटीत तिच्या शेजारी बसेल की पुढच्या बाकावर, एवढेच या महिन्यात ठरवायचे आहे.