आर्देनमधले जर्मन रणगाडे: आधी पूल पाहा, मग किंग टायगर

बेल्जियमच्या आर्देन भागात दुसऱ्या महायुद्धातले काही जर्मन रणगाडे आजही गावांच्या चौकात आणि रस्त्याच्या कडेला उभे आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ते जिथे थांबले, तिथेच किंवा तिथून हाकेच्या अंतरावर. ला ग्लेझ गावातला किंग टायगर त्यातला सर्वात प्रसिद्ध. बहुतेक लोक थेट त्याच्यापाशी जातात, फोटो काढतात आणि बास्तोन शहराच्या वाटेला लागतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तसं करू नका. ज्या वाटेने तो आला ती वाट आधी गाडीने पार करा, तिच्यावरचे पूल उतरून पाहा आणि मग त्याच्यासमोर उभे राहा. तो तिथेच का थांबला हे कोणी सांगावं लागत नाही.

आम्ही तिघे होतो: मी, माझा मित्र आणि त्याचे वडील. काकांनी उभी हयात लष्कराच्या वाहन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. नगरचं रणगाडा संग्रहालय त्यांना तोंडपाठ आहे. असा माणूस बरोबर असणं हे भाग्य, कारण आम्ही दोघं तोफेची नळी बघत असताना काका वाकून चाकं आणि साखळ्या बघत होते.

मुक्काम स्टाव्हलो किंवा माल्मेदीत करा. दोन्ही गावं या वाटेवर किंवा तिच्या अगदी जवळ आहेत आणि रात्री जेवायला काहीतरी उघडं सापडतं. फक्त एक गोष्ट आधी तपासा. स्पा-फ्रांकोर्शाँचा शर्यतींचा ट्रॅक इथून अगदी जवळ आहे. फॉर्म्युला वनची किंवा दुसरी मोठी शर्यत असेल, तर पंचक्रोशीत खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाव ऐकून घाम फुटतो. तारखा बघूनच बुकिंग करा.

गाडी हवीच. ल्येजहून त्र्वा-पाँपर्यंत ट्रेन येते, पण पुढची खेडी बसच्या भरवशावर करायची म्हटली तर निम्मा दिवस थांब्यावर जाईल. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातून निघतानाच काढून घ्या. बेल्जियममध्ये, वेगळी पाटी किंवा खूण नसेल तिथे, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, मग तो गल्लीतून का येईना. पहिल्या दिवशी हे फार जपून पाळा.

सुरुवात पूर्वेकडून, होन्सफेल्ड आणि ब्युलिंगनपासून करा. इथे पाट्या जर्मनमध्ये आहेत, लोकही जर्मन बोलतात. पहिल्या महायुद्धापर्यंत हा पट्टा जर्मनीचाच होता, आणि १९४० मध्ये हिटलरने तो परत गिळला. १६ डिसेंबर १९४४ च्या पहाटे जर्मनांनी या आघाडीवर हल्ला चढवला. म्यूज नदी ओलांडून अँटवर्प बंदर गाठायचं आणि दोस्तांच्या सैन्याचे दोन तुकडे करायचे, असा बेत होता. उत्तरेच्या भागात सर्वात पुढे घुसायचं काम पहिल्या एसएस पँझर डिव्हिजनच्या (एसएस म्हणजे नाझी पक्षाचं सशस्त्र दल, पँझर म्हणजे रणगाडा) योआखिम पाइपरकडे होतं. हाताशी सुमारे ४,८०० माणसं आणि ६०० वाहनं. रणगाड्यांत पँथर आणि पँझर ४ पुढे, आणि ५०१ व्या जड रणगाडा बटालियनचे किंग टायगर रांगेच्या शेवटी. जगातला सगळ्यात दणकट रणगाडा शेपटाला का, हा प्रश्न ब्युलिंगनमध्येच मनात ठेवा. ब्युलिंगनला पाइपरच्या हाती अमेरिकनांचं जवळपास ५० हजार गॅलन पेट्रोल लागलं. त्याला त्याची गरज होतीच, कारण या हल्ल्याची आखणीच शत्रूचं इंधन पळवण्याच्या भरवशावर झाली होती.

तिथून रस्ता बोन्येच्या चौकात येतो. १७ डिसेंबरला पाइपरच्या माणसांनी इथे शरण आलेल्या अमेरिकन सैनिकांना एका शेतात उभं करून गोळ्या घातल्या. ८४ जण मेले. चौकात त्यांच्या नावांची भिंत आहे आणि शेजारी एक संग्रहालय. मी लहानपणापासून या रणगाड्यांची मॉडेलं जोडत आलोय, त्यामुळे मनापासून सांगतो: इथे न थांबता पुढे जाऊ नका. किंग टायगरच्या चिलखताची जाडी पाठ असणाऱ्या प्रत्येकाने या भिंतीवरची निदान काही नावं वाचावीत. पुढे स्टाव्हलो आणि आसपासच्या वाड्यांमध्ये याच तुकडीने शंभराहून जास्त गावकरी मारले. त्यात बायका आणि मुलंही होती.

स्टाव्हलोपासून खरी गंमत सुरू होते. गाव आम्ब्लेव्ह नदीच्या उतारावर वसलंय. वरून येणारा रस्ता वळत वळत पुलावर उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. पुलाजवळ एक अमेरिकन हाफ-ट्रॅक (पुढे चाकं आणि मागे साखळ्या असलेली चिलखती गाडी) ठेवलाय, त्यामुळे जागा चुकत नाही. गाडी अलीकडे लावून पूल चालत पार करा. १८ डिसेंबरच्या सकाळी पाइपर हा पूल ओलांडून गेला, कारण तो वेळेत उडवला गेला नव्हता. पुढे अमेरिकनांनी तो उडवला आणि पाइपरची रसद तिथेच तुटली. याच गावातल्या एका उताराच्या गल्लीत एक किंग टायगर मागे सरकताना घराच्या भिंतीत घुसला आणि अडकून पडला. काकांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा पावणेचार मीटर रुंद. इथे वळवायचा म्हणजे ड्रायव्हरचं काळीज वाघाचं पाहिजे."

स्टाव्हलोहून त्र्वा-पाँकडे जाणारा रस्ता नदीला चिकटून जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये कशीबशी दोन वाहनं जातील एवढी जागा. रांगेतलं पहिलं वाहन थांबलं की मागची सगळी थांबली, बाजूने काढायला जागाच नाही. त्र्वा-पाँच्या तोंडाशी रेल्वेच्या पुलाखालून जावं लागतं. १८ तारखेला दुपारी बाराच्या सुमारास जर्मनांचे पुढचे रणगाडे इथे पोहोचले. वाटेत अमेरिकनांची एक ५७ मिलिमीटरची रणगाडाभेदी तोफ होती. तिने पहिला रणगाडा अडवला, तोफेवरचे चौघे मारले गेले, आणि तेवढ्या अवधीत ५१ व्या इंजिनिअर बटालियनने आम्ब्लेव्हवरचा पूल उडवला. थोड्याच वेळाने साम नदीवरचाही उडाला. पाइपरला इथून सरळ पश्चिमेला म्यूजकडे जायचं होतं. तो बरा रस्ता बंद झाला आणि त्याला उत्तरेला ला ग्लेझच्या डोंगरवाटेला वळावं लागलं. त्र्वा-पाँमध्ये स्मारकाचा दगड आहे. पार्किंग स्टेशनपाशी मिळतं. तिथून पुलापर्यंत आणि रेल्वेच्या बोगद्यापर्यंत पायी जाता येतं.

आता मला सर्वात महत्त्वाची वाटणारी जागा. बरेच जण ती सोडून देतात. ला ग्लेझहून शनूच्या पुलावरून पाइपर पुन्हा आम्ब्लेव्ह ओलांडून पश्चिमेला आला. तेवढ्यात ढग फाटले आणि अमेरिकन विमानांनी रांग ठोकली, त्यात वेळ गेला. संध्याकाळी तो आबिएमाँजवळ लियेन नदीवरच्या नफमुलाँ पुलाशी पोहोचला आणि डोळ्यांदेखत २९१ व्या इंजिनिअर बटालियनने पूल उडवला. तुम्ही तिथे जाऊन लियेन नदी जरूर बघा. आपल्याकडे तिला ओढा म्हणतील. पण काठ उभे आणि जमीन मऊ. आसपासचे छोटे पूल हलक्या गाड्यांना चालले, जड रणगाड्यांना नाही. काका कठड्यावर हात ठेवून बराच वेळ खाली बघत होते. म्हणाले, "रणगाड्याची ताकद पुढच्या पुलाएवढीच." आमच्या अख्ख्या प्रवासाचं सार मला या एका वाक्यात मिळालं. त्यांच्या म्हणण्याला पुरावाही जवळच आहे. वेढ्यात सापडलेल्या पाइपरकडे मदत पाठवताना पती-स्पेचा छोटा पूल एका यागडपँझरच्या (फिरता बुरूज नसलेल्या रणगाडाभेदी गाडीच्या) वजनाने कोसळला. तो तर जेमतेम पंचवीस टनांचा. किंग टायगर जवळपास सत्तर टनांचा.

हे सगळं पाहून ला ग्लेझमध्ये या. क्रमांक २१३ चा किंग टायगर 'डिसेंबर ४४' संग्रहालयाच्या बाहेर उघड्यावर उभा आहे. तो बघायला तिकीट लागत नाही. पाइपर इथे अडकला, स्तूमाँपर्यंत एकदा पुढे सरकला आणि मागे रेटला गेला. पेट्रोल संपलं. विमानातून टाकलेला पुरवठा बहुतेक अमेरिकनांच्याच बाजूला पडला. २३ आणि २४ डिसेंबरच्या मधल्या रात्री सुमारे ८०० माणसं घेऊन तो पायी जंगलातून निसटला. रणगाडे, हाफ-ट्रॅक, तोफा सगळं गावात सोडून. पुढे अमेरिकन भंगार उचलायला आले तेव्हा गावातल्या एका बाईने कोन्याकची बाटली देऊन हा रणगाडा ठेवून घेतला. १९५१ मध्ये तो आजच्या जागेवर आला.

समोरून बघा. पुढची पत्र्याची उतरण १५० मिलिमीटर जाड आहे, टरेटचं, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाचं, तोंड १८० मिलिमीटर. त्यावर गोळे आदळून खड्डे पडलेले दिसतात. ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे कडेला पोलाद उचललं गेलंय, पण आरपार काही गेलेलं नाही. मी त्यातल्या एका खड्ड्यात बोटं घातली, पेरभर आत गेली. नळीचा पुढचा भाग लढाईत उडाला होता, आज दिसतं ते तोंड नंतर बसवलेलं आहे. मग बाजूला या आणि एकमेकांवर चढलेली चाकं पाहा. वजन नीट विभागलं जावं म्हणून ही रचना. पण आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची आधी काढायची, तीही थंडीत, चिखल गोठलेला असताना. काका मागे इंजिनाच्या जाळीपाशी गेले आणि विचारलं, "इंजिन कोणतं?" मायबाखचं, ७०० अश्वशक्तीचं, पँचेचाळीस टनांच्या पँथरमध्येही हेच, असं सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे पंचवीस टन वाढवले आणि इंजिन तेच? चढावर गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्हची काय दशा होत असेल!" पेट्रोलच्या टाक्या ८६० लिटरच्या, आणि तेवढ्यात चांगल्या रस्त्यावर सुमारे १७० किलोमीटर. आम्ही आलो तसल्या वाटेवर त्याहून बरंच कमी. असे रणगाडे पाचशेसुद्धा बनले नाहीत. एक बंद पडला की त्याला ओढायला तेवढाच दांडगा दुसरा लागायचा. उघड्या रशियन मैदानावर लांबून मारा करायला ८८ मिलिमीटरची ही तोफ भयंकर होती. इथे डोंगराच्या वळणांवर समोरचं शे-दोनशे मीटरपलीकडे दिसतच नाही, तर तो पल्ला काय कामाचा? तो शेपटाला का होता, याचं उत्तर इथे मिळतं.

रणगाड्यावर चढू नका. लोक चढतात, पण पावसात पत्रा निसरडा होतो, आणि गावाने इतकी वर्षं तो जपलाय. आतलं संग्रहालय छोटं पण फार जिव्हाळ्याने मांडलेलं आहे, दोन तास ठेवा. हिवाळ्यात वेळा कमी असतात, आधी फोन करून किंवा नेटवर बघून जा. गावात जेवणाचा भरवसा नाही, डबा बरोबर हवा. शाकाहारी मंडळींसाठी खास सूचना: बेल्जियमचे बटाट्याचे तळलेले काप बऱ्याच टपऱ्यांवर गाईच्या चरबीत तळतात. विचारूनच घ्या. ल्येजच्या वॉफलमध्ये अंडं असतं, ते चालत असेल तर मात्र जरूर खा.

वेळ असेल तर दक्षिण आणि पश्चिमेचे तीन पँथर जोडून घ्या. मान्हेजवळ ग्रँमनिलच्या चौकात एक आहे, दुसऱ्या एसएस डिव्हिजनचा. उफालीझचा पँथर जानेवारी १९४५ मध्ये ऊर्त नदीत पडला होता, १९४८ मध्ये बाहेर काढला. २०१७ मध्ये तो दुरुस्तीसाठी हलवला होता, म्हणून आज कुठे आहे ते आधी विचारून घ्या. बास्तोनमध्ये मोठं युद्धसंग्रहालय आहे आणि जुन्या बराकीत लष्कराची रणगाडे दुरुस्त करण्याची जागा. काकांचं चाललं असतं तर ते तिथेच राहिले असते.

शेवटचा थांबा सेल, दिनाँच्या अलीकडे. तिथल्या तिठ्यावरचा पँथर दुसऱ्या पँझर डिव्हिजनचा. २४ डिसेंबरच्या पहाटे तो सुरुंगावर गेला. जर्मन लोक म्यूजच्या सर्वात जवळ आले ते याच भागात, नदी इथून जेमतेम ८-१० किलोमीटर. पेट्रोल संपून ही डिव्हिजनही आसपासच्या रानात अडकली, आणि नाताळपासून दोन दिवसांत अमेरिकन रणगाडे आणि विमानांनी तिचा फडशा पाडला. सेलला दुपारी उशिरा पोहोचा, कारण पुढे दिनाँला म्यूजच्या काठी मुक्काम चांगला मिळतो आणि दुसऱ्या दिवशी ब्रसेल्सची ट्रेन तिथूनच पकडता येते. गाडी भाड्याची असेल तर ती दिनाँला सोडता येईल की नाही हे घेतानाच विचारून ठेवा.