शिमानामीचे पूल ते शिमान्तोचा काठ: जपानच्या खेड्यांतून सायकलवर

जपानमध्ये सायकल चालवायची म्हटलं की सगळे शिमानामी काइदोचं नाव घेतात, आणि त्यात चूक काहीच नाही. ओनोमिची ते इमाबारी, बेटाबेटांवरून जाणारा साधारण ७० किलोमीटरचा रस्ता, एका बेटावरून दुसऱ्यावर जायला प्रचंड पूल. आमच्या सहलीत मात्र ही फक्त सुरुवात होती. इमाबारीला शिकोकू बेटावर उतरून आम्ही पुढे डोंगरात शिरलो, पार शिमान्तो नदीच्या खालच्या टोकापर्यंत. मला मनापासून सांगायचंय ते या आतल्या भागाबद्दल, आणि तिथे गाइडबरोबर जाणं का मोलाचं आहे त्याबद्दल.

मी नाशिकची, पन्नाशी ओलांडलेली. बरोबर कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघीही शाकाहारी. गटात बाकीचे इतर देशांतले, बहुतेक आमच्याच वयाचे. गाइड शिकोकूवरच्या एहिमे प्रांतातलाच, तिशीतला मुलगा. सामानाची गाडी चालवायला आणखी एक जण. रोजचं अंतर ४० ते ७० किलोमीटर.

तयारीबद्दल आधी बोलते, कारण विचारणारे हेच विचारतात. एका दिवशी शंभर किलोमीटर मारणं आणि रोज पन्नास किलोमीटर चालवत राहणं यात खूप फरक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या मांड्यांनी पुन्हा सीटवर बसायची सवय लागते, आणि ती आधीच लावून घ्यावी लागते. म्हणून आम्ही शनिवारी त्र्यंबकला जाऊन यायचो आणि रविवारी थकलेल्या पायांनी पुन्हा बाहेर पडायचो. पावसाळा संपल्यावर कसारा घाटही केला. जिममध्ये घालवलेल्या वेळापेक्षा या जोडदिवसांचा उपयोग जास्त झाला. व्हिसासाठी कुठल्या तारखेला कुठे मुक्काम याचा तक्ता द्यावा लागतो. तो टूरवाल्यांकडून आला, बाकी बँकेची आणि आयकराची कागदपत्रं आमची. सायकली तिथल्याच. उंची आणि पायाची लांबी आधी कळवली होती, सीट आणि पेडल मात्र घरून नेलं. परक्या सीटवर इतके दिवस बसायला मी कुणालाच सांगणार नाही.

आम्ही दोघींनी इ-बाइक घेतली. जपानी कायद्याप्रमाणे मोटरची मदत वेग वाढेल तशी कमी होते आणि ताशी २४ किलोमीटरला थांबते. पेडल तर मारावंच लागतं. डोंगरातल्या दिवसांत तिच्यामुळेच मान वर करून आजूबाजूला बघता आलं.

ओनोमिचीहून छोट्या फेरीबोटीने मुकाइशिमा बेटावर गेलो आणि रस्त्याच्या कडेची निळी रेघ धरली. ती इमाबारीपर्यंत सोबत करते, मध्ये मध्ये उरलेलं अंतरही लिहिलेलं असतं. पुलावर चढायला सायकलींना वेगळी वळणावळणाची वाट आहे. चढ साधारण तीन टक्क्यांचा, त्यामुळे दम लागत नाही. इन्नोशिमाचा पूल १९८३ चा. त्यावर गाड्या वरून जातात आणि सायकली त्यांच्या खालच्या मजल्यावरून. पुढच्या इकुचिजिमा बेटावर लिंबांच्या बागा उतारांवरून समुद्रापर्यंत आल्यात. जपानात सर्वांत जास्त लिंबं हिरोशिमा प्रांतात पिकतात, आणि त्यातली बरीचशी याच बेटांवर. तातारा पुलाचा मधला गाळा ८९० मीटरचा, १९९९ मध्ये खुला झाला तेव्हा मनोऱ्यांना बांधलेल्या तिरप्या तारांवर तोललेल्या पुलांत जगात सर्वांत लांब. त्याच्या मनोऱ्याखाली टाळी वाजवली की आवाज थरथरत वर चढत जातो. आमचा सगळा गट तिथे लहान मुलांसारखा टाळ्या वाजवत उभा होता. शेवटचा कुरुशिमा पूल म्हणजे एकापुढे एक तीन झुलते पूल, मिळून चार किलोमीटर. खाली सामुद्रधुनीतला प्रवाह इतका जोराचा की पाण्याचे भोवरे वरून स्पष्ट दिसतात.

हा रस्ता गाइडशिवाय कुणीही करू शकेल, हे स्पष्टच सांगते. रेघ आहे, दुकानं आहेत, सायकली भाड्याने मिळतात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा.

इमाबारीपासून चित्र बदललं. किनाऱ्याने मात्सुयामाकडे जाताना पांढऱ्या अंगरख्यातले, हातात काठी घेतलेले यात्रेकरू दिसायला लागले. शिकोकूभोवती ८८ देवळांची साधारण १,२०० किलोमीटरची यात्रा आहे, आठव्या-नवव्या शतकातल्या कूकाई या आचार्यांच्या नावाने चालणारी. या यात्रेकरूंना गावकरी खायला-प्यायला देतात, आणि दिलेलं नाकारायचं नसतं. एका वळणावर बागेतून एक आजी बाहेर आल्या आणि आमच्याही हातात संत्री ठेवायला लागल्या. आम्ही यात्रेकरू नाही, असं मैत्रीण गाइडला म्हणाली. त्याने ते आजींना सांगितलं. त्या हसल्या आणि त्याच्यामार्फत म्हणाल्या, “सायकलवर आहात ना, मग दमला असालच.” आपल्याकडे वारीच्या वाटेवर दारात पाण्याचा हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका मला आठवल्या. गाइड नसता तर आजी काय म्हणाल्या हे कळलंच नसतं. आम्ही मान लववून पुढे निघालो असतो.

मात्सुयामाला दोगो ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचे झरे. तिथलं १८९४ चं लाकडी स्नानगृह दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये पुन्हा पूर्ण सुरू झालं. सार्वजनिक स्नानाचा संकोच आम्हाला होता. आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस वर बांधायचे. एवढं पाळलं की तुमच्याकडे कुणी बघतही नाही. पुढच्या प्रत्येक मुक्कामी आम्ही आधी गरम पाण्यात उतरायचो आणि मग जेवायला बसायचो. पायांसाठी यापेक्षा चांगलं औषध मला माहीत नाही.

पुढचा टप्पा रेल्वेने. जपानी गाड्यांत सायकल न्यायची तर ती पूर्ण पिशवीत झाकावी लागते. चाकं काढून फ्रेमला बांधायची आणि वर पिशवी चढवायची. इ-बाइक जड, म्हणून त्या सामानाच्या गाडीतून पुढे गेल्या. गाइडने त्याची साधी सायकल फलाटावर पाहता पाहता बांधली आणि ज्यांना शिकायचं होतं त्यांना सावकाश करून दाखवलं.

उचिको हे एके काळी मेणाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं गाव. हाझे झाडाच्या फळांतून निघणारं मेण वातीवर हाताने थरावर थर देऊन मेणबत्त्या करतात, अजूनही. पिवळट चुन्याच्या भिंतींची घरं रांगेने उभी आहेत आणि माणसं त्यांत राहतात, याचा मला फार आनंद झाला. जपलेली गावं बऱ्याचदा नुसती दुकानं होऊन बसतात.

आता जेवणाचं. हा आमच्यासाठी सर्वांत कठीण भाग होता. जपानी स्वयंपाकात दाशी, म्हणजे ज्या पाण्यावर सगळं शिजतं तेच, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचं असतं. मासा ताटात दिसत नाही, पण सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये असतो. त्यात कोची प्रांत म्हणजे बोनिटोचं माहेरघर. आम्ही महिनाभर आधी टूरवाल्यांना स्पष्ट लिहिलं होतं: मांस, मासा, माशाचं पाणी नको, अंडं आणि दूध चालेल. गाइडने प्रत्येक मुक्कामी स्वतः फोन केला आणि कोम्बू (समुद्री शेवाळ) किंवा शिताके (अळंबी) यांची दाशी चालेल असं समजावलं. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, चालतं काय ते सांगावं लागतं. मग रानभाज्यांचा टेंपुरा (जपानी भजी), तिळाचा तोफू, कोन्याकू (एका कंदाच्या लवचीक वड्या) असं ताट यायचं. कोचीच्या डोंगरातली ‘इनाका-झुशी’, म्हणजे गावाकडची सुशी, तर आमच्यासाठीच बनवल्यासारखी: माशाऐवजी शिताके, बांबूचा कोंब, कोन्याकू, आणि भातात युझू या लिंबासारख्या फळाचा आंबट रस. तिथेही दाशीचं आधी विचारून घेतलं होतं. न्याहारीच्या गरम भातावर घरून नेलेलं मेतकूट घातलं. घरमालकीणबाईंनी चव घेतली आणि त्यात काय काय आहे ते गाइडकडून लिहून घेतलं.

आतल्या डोंगरात लांब बोगदे लागतात. त्यांत फूटपाथ अरुंद, कधी कधी नसतोच, आणि मागून ट्रक आला की आवाज छातीत घुमतो. गाइडचा नियम पक्का होता: जुना घाटरस्ता असेल तर त्यावरून, नसेल तर सायकली गाडीत. कुणी कुरकुर केली तरी तो बधला नाही. पावसाच्या दिवशीही त्याने निम्मा रस्ता कमी केला, कारण ओल्या डांबरावर पडलेली देवदाराची पानं उतारावर फार निसरडी होतात. गाइडची फी मी या निर्णयांसाठी आनंदाने भरेन.

शिकोकू कार्स्ट हे चुनखडीचं पठार साधारण १,४०० मीटर उंचीवर आहे. गवतात पांढरे खडक, त्यांच्यामध्ये चरणाऱ्या गाई, वर पवनचक्क्या. शेवटच्या चढाला वारा इतका होता की मोटर असूनही सगळ्यांत खालच्या गिअरवर चालवलं. तिथून युसुहाराला उतरलो.

युसुहाराबद्दल लिहायला मला वेगळी जागा हवी होती. हे कोचीचं डोंगरी गाव, नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली. जपानच्या सत्तांतरात गाजलेला सामुराई साकामोतो र्योमा १८६२ मध्ये आपलं संस्थान सोडून निघाला तो याच वाटेने. गावात केंगो कुमा या वास्तुकाराच्या इमारती आहेत, स्थानिक लाकडाच्या. ग्रंथालयात बूट काढून जायचं, आणि छतातून लाकडी तुळया झाडाच्या फांद्यांसारख्या खाली येतात. पण गाइड आम्हाला घेऊन गेला ते चादोकडे. चादो म्हणजे रस्त्याकडेची गवताने शाकारलेली, तीन बाजूंनी उघडी ओसरी. तिथे गावकरी पाळीपाळीने वाटसरूंना चहा देत. अशा काही ओसऱ्या अजून उभ्या आहेत. आम्ही तिथे डबा खाल्ला. शेजारच्या घरातले आजोबा येऊन बसले. गाइडने त्यांची ख्यालीखुशाली विचारली, त्यांच्या मुलाबद्दल विचारलं. मुलगा ओसाकात, नातवंडं उन्हाळ्यात येतात. शेजारची घरं कधीपासून बंद, तेही त्यांनी बोटाने दाखवत सांगितलं. हे गाव नुसतं हातावर हात ठेवून बसलेलं नाही. उतारावरची भातखाचरं ओस पडू नयेत म्हणून शहरातल्या लोकांनी वर्गणी भरून एकेक खाचर घ्यायचं आणि लावणी-कापणीला यायचं, ही योजना युसुहाराने १९९२ मध्ये सुरू केली, जपानात सर्वांत आधी. तरीही संध्याकाळी पाच वाजता गावच्या भोंग्यावर धून वाजली तेव्हा रस्त्यावर एकही मूल नव्हतं. मला ते लागलं. कोकणातलं माझं आजोळही असंच रिकामं होत चाललंय.

युसुहारा नदी शिमान्तोला मिळते. १९६ किलोमीटरच्या या नदीच्या मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही, आणि पाणी इतकं नितळ की पुलावरून तळाचे गोटे मोजता यावेत. पूलही वेगळे. चिंकाबाशी म्हणजे मुद्दाम बुटके, कठडे नसलेले पूल. पुरात ते पाण्याखाली जातात आणि ओंडके अडकायला कठडा नसल्याने वाहून जात नाहीत. त्यांवरून सायकल चालवताना कडेला न बघता समोर बघायचं. मोटार आली तर उतरून थांबायचं. सर्वांत खालचा सादा पूल २९१ मीटरचा, सर्वांत लांब तोच. नदीच्या खालच्या टोकाच्या नाकामुराला सायकली परत दिल्या आणि कोचीची गाडी पकडली.

जाणार असाल तर ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर मध्य ही वेळ धरा. वादळं सरलेली असतात, संत्र्यांची तोडणी चालू असते. ऑगस्ट टाळा. या नदीकाठच्याच एकावासाकी गावात ऑगस्ट २०१३ मध्ये ४१ अंश तापमान नोंदलं गेलंय. टूर निवडताना सायकल कुठल्या कंपनीची हे शेवटी विचारा. गाइड त्या भागातला आहे का, आणि मुक्कामी फोन तो स्वतः करतो का, हे आधी विचारा.