जर्मनी: ब्लू कार्डवरून कायमच्या परवान्याकडे

ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणाऱ्या नोकरी-वास्तव्याच्या परवान्यावर) काम करणाऱ्याला जर्मन भाषा बी-१, म्हणजे मध्यम पातळीची येत असेल, तर २१ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. फक्त ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी असेल तर २७ महिने. हे महिने कार्डाच्या तारखेवरून मोजू नका. त्या काळात ब्लू कार्डाची नोकरी हवी आणि पेन्शनचे हप्ते भरलेले हवेत. म्हणून अर्जाआधी पेन्शन विमा संस्थेकडून हप्त्यांचा उतारा मागवा. तो फुकट मिळतो. एखादा महिना गळलेला दिसला, तर अर्ज करण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या.

बी-१ साठी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनातही परीक्षा देता येते. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. ‘लेबन इन डॉइचलांड’ ही जर्मनीतला कायदा आणि समाज यांच्या माहितीची चाचणी त्या मानाने सोपी: या परवान्यासाठी ३३ पैकी १५ उत्तरं बरोबर आली की झालं.

खरी अडचण येते ती तारखांची. परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ अनेक शहरांत महिनोन्‌महिने मिळत नाही आणि तोवर कार्डाची मुदत संपत येते. मुदत संपायच्या आत अर्ज पोचलाच पाहिजे, त्याची पोचही जपून ठेवा. पासपोर्टचं नूतनीकरण त्याआधीच उरका.