मॉरिशसचा दक्षिण किनारा: समुद्र डाव्या हाताला ठेवून

मॉरिशसमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. म्हणून दक्षिण किनारा पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे माएबूरहून ल मॉर्नकडे जात बघावा. समुद्र डाव्या हाताला राहतो आणि थांबायचं झालं तर समोरून येणाऱ्या गाड्यांमधून पलीकडे जावं लागत नाही. फक्त दुपारनंतर ऊन समोरून डोळ्यांवर येतं, तेव्हा सकाळी लवकर निघा.

गाडी छोटीच घ्या. गावांतले रस्ते इतके अरुंद की बस आली की आरसे घासायची वेळ येते. ताब्यात घेतानाच आरसे, बंपर आणि टायरच्या कडांचे फोटो काढून ठेवा. खरा धोका मात्र डांबराच्या कडेला. ऊस रस्त्यापर्यंत आलेला असतो आणि त्याच्या पात्यांखाली उघडं गटार दिसतच नाही. चाक एकदा आत गेलं की गाडी पोटावर टेकते. बाजूला घेण्याआधी शेजारच्याला उतरून बघायला सांगा.

सुरुवात माएबूरजवळच्या व्हिये ग्राँ पोर गावापासून करा. डच १५९८ साली याच खाडीत उतरले होते. १८१० मध्ये इथेच फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं. त्या लढाईतल्या वस्तू माएबूरच्या संग्रहालयात आहेत. निघण्याआधी पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप तुरळक आहेत.

सुयाकजवळच्या ग्रि-ग्रिला जरूर थांबा. बेटाभोवतीचं प्रवाळाचं कडं इथे तुटलेलं आहे, त्यामुळे लाट कुठेच न मोडता थेट किनाऱ्याच्या उभ्या खडकावर येऊन आदळते. पाण्यात उतरू नका, किनाऱ्यावरची वाळू कितीही शांत वाटली तरी.

बे द्यु कापजवळ माकोंदेचं वळण येतं. रस्ता खडकाला बिलगून पाण्याच्या कडेने वळतो आणि समोरचं वाहन अगदी शेवटी दिसतं. दुसऱ्या गिअरवर, हॉर्न देत वळा. वळणात गाडी थांबवू नका. पुढे नीट लावून चालत मागे या. याच खाडीत १८०३ मध्ये इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सचं जहाज दुरुस्तीसाठी आलं आणि तेव्हा बेटावर राज्य असलेल्या फ्रेंचांनी त्याला सहा वर्षांहून जास्त अडकवून ठेवलं. किनाऱ्यावर त्याचं स्मारक आहे.

शेवटी ल मॉर्न, ५५६ मीटर उंच. पळालेले गुलाम या डोंगराच्या आसऱ्याला राहत. पायथ्याच्या स्मारकापाशी निवांत वेळ द्या.

राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे गिरमिटिये मजूर जिथे उतरवले जात तो धक्का, त्याच दिवशी उरकायला जाऊ नका. संध्याकाळी मोटरवेवर गाड्या खोळंबतात आणि पोचेपर्यंत दार बंद झालेलं असतं. १८३४ पासून हे करारावर आणलेले मजूर बेटावर आले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्या घाटासाठी एक सकाळ वेगळी ठेवा, रविवार सोडून.