दंडाला दोन एकर, हक्काला तीस गुंठे

आदिवासींच्या वनहक्काच्या दाव्यांची, म्हणजे ते कसत असलेली जंगलजमीन त्यांच्या नावे व्हावी म्हणून केलेल्या अर्जांची, कागदपत्रे जुळवून देण्याचे काम मी करतो हे कळले, की एक प्रश्न हमखास येतो : अन्याय केला इंग्रजांनी, सोसला कुणाच्या तरी आजोबांनी, मग त्याची भरपाई आपण का करायची? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इंग्रज गेले म्हणून हा अन्याय थांबला नाही. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी जंगलावर सरकारचा अंमल बसवला हे खरे. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेतच असे नमूद आहे, की वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही सरकारी वने निश्चित करताना तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या हक्कांची पुरेशी दखल घेतली गेली नाही आणि त्यातून ‘ऐतिहासिक अन्याय’ घडला. आपल्याच कारभाराविषयी संसदेने असे लिहून ठेवावे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

शिवाय ही खैरात नव्हे. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी जमीन कसत आले, तीच, प्रत्यक्ष ताब्याइतकी आणि फार तर चार हेक्टरपर्यंत, त्याच्या नावे मान्य करायची आहे. ती विकता येत नाही, आणि पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. (आपल्यापैकी किती घरांच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव आहे, ते असो.)

घोडे अडते ते पुराव्यापाशी. नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे जबाब, जुनी विहीर, मृतांना पुरण्याची जागा हेही पुरावे आहेत. पण कार्यालयात कागदाखेरीज कशावर सहसा विश्वास बसत नाही. एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्यांची एक पावती काढून माझ्यापुढे ठेवली. ‘अतिक्रमणा’बद्दल त्यांच्या वडिलांनी भरलेल्या दंडाची ती पावती होती. क्षेत्र दोन एकर, खाली शिक्का. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवले, तोच मुलाच्या दाव्याचा सर्वांत भक्कम आधार ठरला. तरीही पट्टा आला तो तीस गुंठ्यांचा. दंड घेताना दोन एकर मोजणाऱ्या यंत्रणेला हक्क देताना त्यातले पन्नास गुंठे दिसेनासे झाले. सांगा, हा अन्याय आजोबांच्या काळातला म्हणायचा का?

हक्क मान्य झाला तरी किल्ली लगेच हाती येते असे नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मात्र बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले.

तेव्हा ‘आपण का’ याला माझे उत्तर असे, की पावती फाडणारे आणि पट्टा देणारे सरकार एकच आहे, आणि ते आपले आहे. बाबांचे अपील आम्ही दाखल केले आहे. सोबत पावतीची झेरॉक्स जोडली. मूळ प्रत मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही.